श्रीखंडे यांचे सोळा बिंदु

माणदेशांतील एका सुशिक्षित कुटुंबांतून आलेलें पत्र या वेळीं आमच्यापुढें आहे. तें घरांतील वडील गृहस्थांनीं लिहिलें असून त्यांत रागापेक्षां काळजी अधिक दिसते. त्यांची धाकटी सून पुण्यास राहून गणितांत पीएच्. डी. साठीं संशोधन करीत आहे. विषय आलेखसिद्धान्त, कॉलेजांत त्यास सर्रास ग्राफ थिअरी म्हणतात. चार वर्षें होऊन पांचवें चालूं आहे, आणि तीन वर्षांचा नातू गांवीं आजीपाशीं असतो. मागल्या दिवाळींत सारीं माणसें घरीं जमलीं असतां, रसायनशास्त्रांत काम करणाऱ्या पुतण्यानें सहज म्हणून दोघांचींहि नांवें संगणकावर घालून पाहिलीं. त्याच्या स्वतःच्या निबंधांचा इतरांनीं सहाशेंहून अधिक वेळां उल्लेख केलेला निघाला. सूनबाईंचे निबंध दोन, उल्लेख नऊ, आणि त्यांतलाहि एक त्यांचा स्वतःचाच! त्या दिवसापासून घरांत कुजबूज सुरू झाली आहे. नऊ उल्लेखांसाठीं लेंकरूं आईवेगळें ठेवायचें काय, असें आत्याबाईंनीं उघडच विचारलें, आणि सूनबाई कांहीं न बोलतां पानें वाढीत राहिल्या, असें पत्रांत आहे. हे आंकडे कितपत मानावे, एवढें या सदरांतून सांगावें अशी पत्रकर्त्यांची विनंति आहे.

आंकडे खोटे नसावेत. परंतु ते आले कोठून, तें आधीं पाहिलें पाहिजे. शोधनिबंध लिहिणारा मनुष्य आपल्या लेखाच्या शेवटीं, ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांची यादी जोडतो. ही चाल जुनी आहे. अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड या गृहस्थांनीं १९५५ सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत अशी सूचना केली कीं, या सर्व याद्या उलट बाजूनें लावून ठेवाव्या. म्हणजे एखाद्या निबंधाचा पुढें कोणकोणीं उपयोग केला तें एका दृष्टीत कळेल. १९६४ पासून त्यांच्या फिलाडेल्फिया येथील संस्थेनें अशी सूची छापावयास आरंभ केला. मूळ हेतु चांगला आणि सोयीचा होता. वाण्याच्या खतावणीवरून कोणाकडे किती येणें आहे हें कळतें, तशी ही विद्येची खतावणी. पुढें मात्र त्या खतावणीवरून माणसांची पत ठरूं लागली. २००५ सालीं जॉर्ज हर्श नांवाच्या पदार्थवैज्ञानिकानें तिला आणखी एक माप जोडून दिलें. त्याला ‘एच्-इंडेक्स’ म्हणतात. एखाद्याचे सहा निबंध अनुक्रमें ४०, १२, ७, ५, २ व ० वेळां उल्लेखिले गेले असतील, तर त्याचा एच्-इंडेक्स ४. कारण निदान चार उल्लेख मिळालेले निबंध त्याच्यापाशीं चार आहेत, निदान पांच मिळालेले पांच नाहींत. हिशोब सोपा आहे. त्यांतली मेखहि सोपीच आहे: ज्यानें जन्मांत दोनच निबंध लिहिले आणि ते दोन्ही अजरामर झाले, त्याचा एच्-इंडेक्स जगबुडीपर्यंत दोनच राहणार.

आतां सूनबाईंच्या विषयाकडे वळूं. आलेख म्हणजे कांहीं बिंदु आणि त्यांतील कांहींना जोडणाऱ्या रेघा. दहिवडी, गोंदवले, म्हसवड हे एका सडकेवरचे तीन बिंदु समजा. दहिवडीहून फलटणकडे एक रेघ, शिखर शिंगणापुराकडे दुसरी. सडक किती वांकडी आहे, चढ किती, मैल किती, हें सारें सोडून द्यावयाचें. कोण कोणास जोडलें आहे एवढेंच पाहावयाचें. इतकें सोडून दिल्यावर उरलें काय, असें एखाद्यास वाटेल. पुष्कळ उरतें, आणि तें किती तें दाखविण्यास आपल्याच लोकांतील एका विद्वानाचें उदाहरण आम्हांस पुरेसें आहे.

शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजीं सागर येथें झाला. शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजांत. पुढें कांहीं काळ कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेंत. तेथें राजचंद्र बोस यांची गांठ पडली. श्रीखंडे यांच्या आयुष्याची दिशा या गांठीनें ठरली, असें म्हणावयास हरकत नाहीं. नागपुरास अध्यापन करीत असतां १९४७ सालीं ते अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत गेले आणि बोस यांच्याच हाताखालीं १९५० सालीं पीएच्. डी. झाले.

बोस-श्रीखंडे यांचें गणित शेतांतून निघालें आहे, हें माणदेशांतील वाचकांस ऐकून गंमत वाटेल. समजा, ज्वारीच्या चार जाती पारखावयाच्या आहेत. आपल्याकडील रान सारखें कधींच नसतें. वरच्या अंगास मुरमाड, खालीं ओढ्याकडे काळें व खोल. एक जात वर पेरली आणि दुसरी खालीं, तर पीक जातीचें आलें कीं जमिनीचें, हें कळावयाचें नाहीं. म्हणून रानाचे चार ओळी व चार उभे पट्टे मिळून सोळा वाफे पाडावयाचे आणि प्रत्येक जात प्रत्येक ओळींत एकदां व प्रत्येक पट्ट्यांत एकदां येईल अशी पेरणी करावयाची. याला लॅटिन चौरस म्हणतात. आतां चार प्रकारचीं खतेंहि त्याच सोळा वाफ्यांत याच नियमानें घालावयाचीं आणि शिवाय प्रत्येक जातीची प्रत्येक खताशीं नेमकी एकदां गांठ पडावयाची, असा हट्ट धरला तर? चारांसाठीं तें साधतें. पांचांसाठीं साधतें. सहांसाठीं मात्र साधत नाहीं. थोर गणिती ऑयलर यांनीं १७८२ सालीं छापलेल्या निबंधांत असें भाकित केलें कीं सहा, दहा, चौदा, अठरा अशा, म्हणजे चारांनीं भागून दोन उरणाऱ्या, कोणत्याहि संख्येसाठीं तें साधणार नाहीं. गास्टन तारी या फ्रेंच गृहस्थानें १९०० च्या सुमारास सर्व शक्यता तपासून सहांपुरतें तें खरें ठरविलें. बाकीचें लोक १७७ वर्षें खरेंच धरून चालले होते. १९५९ सालीं बोस व श्रीखंडे यांनीं बावीसांचा चौरस करून दाखविला, अमेरिकेंतील पार्कर यांनीं दहांचा केला, आणि मग तिघांनीं मिळून सिद्ध केलें कीं दोन व सहा हे आंकडे वगळल्यास ऑयलरचें भाकित सर्वत्र चुकीचें आहे. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें ही वार्ता पहिल्या पानावर दिली. गणिताची वार्ता दैनिकाच्या पहिल्या पानावर येण्याचा योग अगदीं विरळा.

श्रीखंडे यांचें नांव निघालें म्हणजे लोक हीच गोष्ट सांगतात, आणि ती सांगण्याजोगी आहेहि. परंतु त्याच १९५९ सालीं त्यांचा आणखी एक निबंध ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकांत आला. त्याची वार्ता कोणत्याहि वर्तमानपत्रानें दिली नाहीं. आमच्या मतें सूनबाईंच्या सासरच्या मंडळींनीं समजून घ्यावा असा निबंध तो आहे.

पुन्हां तेच सोळा वाफे घ्या, किंवा घरांतील स्त्रियांस सोयीचें म्हणून हळदीकुंकवास आलेल्या सोळा जणी घ्या. चार ओळी, प्रत्येक ओळींत चौघी, अशा त्या बसल्या आहेत. प्रत्येकीची ओळख आपल्या आडव्या ओळींतील तिघींशीं व उभ्या ओळींतील तिघींशीं आहे, इतर कोणाशीं नाहीं. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती जसा सरळ चालतो, तशी ही ओळख चालते. म्हणजे प्रत्येकीच्या ओळखीच्या सहा जणी झाल्या. आतां कोणत्याहि दोघी निवडा. त्या एका ओळींतल्या असल्या तर त्यांच्या सामाईक ओळखीच्या त्याच ओळींतील उरलेल्या दोघी. त्या एका ओळींतल्या नसल्या तर जेथें एकीची आडवी ओळ दुसरीच्या उभ्या ओळीस छेदते अशा दोन जागांवरच्या दोघी. थोडक्यांत, एकमेकींस ओळखोत वा न ओळखोत, कोणत्याहि दोघींच्या सामाईक ओळखीच्या नेमक्या दोनच.

श्रीखंडे यांचा प्रश्न असा होता: मला बैठक दिसत नाहीं, केवळ हे आंकडे सांगितले आहेत, कीं जणी सोळा, प्रत्येकीच्या ओळखी सहा, कोणत्याहि दोघींच्या सामाईक दोन. एवढ्यावरून बैठक ओळखतां येईल काय? त्यांनीं चार ओळींचाच नव्हे, तर कितीहि ओळींच्या चौकोनी बैठकीचा हा प्रश्न घेतला आणि सिद्ध केलें कीं ओळी तीन असोत, पांच असोत, पन्नास असोत, आंकड्यांवरून बैठक निश्चित ठरते. फक्त चारांपाशीं ती ठरत नाहीं. तेथें आणखी एक, आणि एकच एक, वेगळी मांडणी निघते, जिचे सर्व आंकडे पहिलीसारखेच आहेत.

ही दुसरी मांडणी मुलांना पाटीवर काढतां येईल. चार ओळींत सोळा टिंबें काढावींत. प्रत्येक टिंब डाव्या, उजव्या, वरच्या व खालच्या टिंबास जोडावें; शिवाय एकाच तिरप्या दिशेनें, म्हणजे उजवीकडे-खालीं आणि डावीकडे-वर, असें जोडावें. दुसरी तिरपी दिशा वर्ज्य. ओळीच्या उजव्या टोंकास पोंचलें कीं पुढचें टिंब म्हणजे त्याच ओळीचें डावें टोंक समजावें, वरखालींहि तसेंच. प्रत्येक टिंबास सहा रेघा, एकूण रेघा अठ्ठेचाळीस. कोणतींहि दोन टिंबें घेऊन तपासा, सामाईक शेजारी दोनच निघतील. मग दोन मांडण्यांत फरक कोठें राहिला? पहिल्या बैठकींत एकीच्या सहा ओळखी दोन कोंडाळ्यांत विभागलेल्या होत्या. या तिघी आपसांत, त्या तिघी आपसांत, मध्यें येणें-जाणें नाहीं. दुसऱ्या मांडणींत तिच्या त्याच सहा जणी मंगळागौरीच्या फेरासारख्या हातांत हात धरून उभ्या आहेत. प्रत्येकीची ओळख फक्त उजव्या व डाव्या हाताच्या दोघींशीं. पहिलींत चौघीचौघी एकमेकींस ओळखणाऱ्या अशीं टोळकीं आहेत. दुसरींत तसें एकहि सांपडावयाचें नाहीं. बाहेरून मोजलें तर दोन्ही घरें सारखीं. आंत डोकावलें तर संसार अगदीं निराळे.

या दुसऱ्या मांडणीस आज जगभर ‘श्रीखंडे आलेख’ म्हणतात. माणसाचें नांव कायमचें चिकटलेलें असे आलेख थोडेच आहेत, आणि त्यांत एका मराठी घराण्याचें नांव आहे.

आतां पुतण्याच्या संगणकाकडे परत येऊं. त्या निबंधाच्या मथळ्यांत ‘आलेख’ हा शब्दच नाहीं. तो बोस यांच्या शेतीप्रयोगाच्या परिभाषेंत लिहिलेला आहे. अशा आलेखांना आज जें ‘दृढनियमित’ या अर्थाचें इंग्रजी नांव आहे, तें स्वतः बोस यांनींच १९६३ सालीं, म्हणजे चार वर्षांनीं, दिलें. गारफील्डची सूची १९६४ ची. बाळ जन्मलें तेव्हां खतावणीहि नव्हती आणि बारशाचें नांवहि ठरलें नव्हतें! पुढें नांव इतकें रूढ झालें कीं लोक ‘श्रीखंडे आलेख’ एवढें म्हणून पुढें जातात. मूळ निबंध यादींत घालण्याची गरज पुष्कळांस वाटत नाहीं, किंवा त्याऐवजीं एखाद्या पाठ्यपुस्तकाचें नांव घालतात. पायथागोरसचा सिद्धान्त वापरतांना कोण टीप देतो? रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानें या प्रकाराकडे लक्ष वेधलें होतें: एखादी गोष्ट ज्ञानांत पुरती मुरली म्हणजे तिच्या कर्त्याचा उल्लेख गळून जातो. ज्यास सर्वांत जास्त मानावें त्याच्याच खात्यावर या मापानें कमी जमा दिसावी, हा मोठा चमत्कारिक न्याय आहे.

आणि उपयोग म्हणाल तर तो अनपेक्षित बाजूनें उगवला. रेणूंतील अणूंची जोडणी हाहि एक आलेखच. अशा जोडण्या वाचून औषधें शोधणारीं संगणकीय तंत्रें अलीकडच्या काळांत फार पुढें आलीं आहेत. तीं तंत्रें कितपत शहाणीं आहेत हें पारखतांना हत्तीची चौकट व श्रीखंडे आलेख ही जोडी पुढें ठेवण्याची चाल पडली आहे, कारण शेजार मोजीत जाणाऱ्या नेहमींच्या तंत्रांस या दोहोंतला भेद कळतच नाहीं. ज्वारीच्या वाफ्यांतून निघालेली शंका साठ वर्षांनीं यंत्रांची परीक्षा घेत आहे. १९६४ सालीं कोणी श्रीखंडे यांचे पांच वर्षांचे उल्लेख मोजून या निबंधाची किंमत ठरविली असती, तर ती किती भरली असती कोण जाणे.

रसायन आणि गणित यांची तुलनाहि मुळांतच चुकते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेंत अनेक जण मिळून काम करतात, निबंधावर अनेकांचीं नांवें असतात, याद्या लांब असतात, आणि या वर्षींच्या निबंधाचा उल्लेख पुढल्या वर्षीं होतो. गणितांत निबंध एकटा किंवा दोघेतिघे लिहितात, याद्या आंखूड असतात, छापून येण्यासच कधीं दोन वर्षें लागतात, आणि उल्लेखांचा मोठा भाग पुष्कळ उशीरां येतो. शास्त्रशास्त्रांतला हा फरक दुप्पट-तिप्पट नव्हे, त्याहूनहि अधिक पटींचा असतो. २००८ सालीं आंतरराष्ट्रीय गणित संघानें आणखी दोन संस्थांसह या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत स्पष्ट म्हटलें आहे कीं आंकड्यांचा काटेकोरपणा हा पुष्कळसा आभास आहे, आणि उल्लेखाचा अर्थ लावणें हें जाणत्यांच्या मताइतकेंच, किंबहुना त्याहूनहि अधिक, मनावर अवलंबून असतें. २०२३ सालीं तर ‘सर्वाधिक उल्लेखित संशोधकां’ची वार्षिक यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीनें गणिताचा वर्गच त्या यादींतून गाळला. कारण असें दिलें कीं या विषयांत उल्लेख मुळांतच थोडे, त्यामुळें थोड्याशा संगनमतानेंहि क्रम वरखालीं करतां येतो. थोड्या पाण्याच्या आडांत एक घागर जास्त ओढली तरी पातळी हलते. आपल्या दुष्काळी मुलखांत हें समजावून सांगावयास नको.

इतकें म्हटल्यावर दुसरी बाजूहि लिहिली पाहिजे, नाहींतर पुतण्यावर अन्याय होईल. उल्लेख मोजणें हें सर्वथा टाकाऊ आहे असें आम्ही मानीत नाहीं. ज्याला कोणी वाली नाहीं, ज्याच्या पाठीशीं वशिला नाहीं, अशा आडगांवच्या प्राध्यापकास ‘हे पाहा, माझें काम जगांत वाचलें जातें’ असें म्हणतां येणें ही लहान गोष्ट नव्हे. निवड करणाऱ्यांच्या मर्जीपेक्षां आंकडा बरा, असे प्रसंग आपल्या विद्यापीठांत येतात हें सर्वांस ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० पासून अध्यापकांच्या बढतीस गुणांचें कोष्टक लावलें, तेव्हां त्यामागेंहि असाच कांहीं हेतु असावा. फळ मात्र निराळें आलें. गुणांसाठीं निबंध, निबंधांसाठीं नियतकालिकें, आणि पैसे घेऊन वाटेल तें छापणारे छापखाने, असा बाजार भरला. २०१८ सालीं आयोगाला स्वतःच्याच मान्य यादींतून चार हजारांवर नियतकालिकें काढून टाकावीं लागलीं. अशा बाजारांत दोनच निबंध लिहून थांबणारी मुलगी एक तर आळशी असेल, नाहीं तर प्रामाणिक. कोणती तें आंकडा सांगत नाहीं.

तें सांगणारीं माणसें असतात. श्रीखंडे यांच्याच कामाचा जो भाग कोणत्याहि सूचींत मोजला जात नाहीं तो पाहा. काशी हिंदु विद्यापीठांत कांहीं वर्षें काढून ते १९६३ सालीं मुंबई विद्यापीठांत आले, तेथील गणित विभाग उभा केला आणि १९७८ पर्यंत चालविला. त्यांच्या हाताखालीं नवीन सिंघी तयार झाले, वासंती भट-नायक तयार झाल्या. वासंतीबाई १९७० सालीं पीएच्. डी. झाल्या आणि पुढें त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांनीं आलेखसिद्धान्तांत काम केलें. त्यांतील एक विषय तर माजघरांत बसून करण्याजोगा आहे. ज्या आलेखांत कोठेंहि वेटोळें होत नाहीं, सारे फांटेच असतात, त्यास गणितांत ‘झाड’ म्हणतात. तीन रेघांचें साधें झाड घ्या, म्हणजे एका ओळींत चार टिंबें. त्यांवर अनुक्रमें ०, ३, १, २ असे आंकडे लिहा. शेजारशेजारच्या आंकड्यांतील फरक येतात ३, २, १. प्रत्येक फरक एकदांच, मधला एकहि न वगळतां. प्रत्येक झाडावर असे आंकडे मांडतां येतात काय, हा प्रश्न १९६० च्या दशकापासून पडून आहे आणि अद्याप कोणास सुटलेला नाहीं. ‘केळीचें झाड’ नांवाची एक जात आहे: घडाघडांचीं टोंकें एका बुंध्यास जोडलेलीं. वासंतीबाईंनीं एका सहकाऱ्यासह १९९६ सालीं अशा केळींचीं तीन नवीं कुळें शोधून त्यांवर आंकडे बसवून दाखविले. सोडवावयाच्या डोंगरापुढें हा एक धोंडा सरकला म्हणावयाचें. परंतु जे धोंडे सरकवितात त्यांनाच डोंगर कळतो, आणि हें काम नऊजणांनीं वाचलें कीं नव्वदांनीं, यावरून धोंडा लहानमोठा होत नाहीं.

तेव्हां पत्रकर्त्यांस आमचें सांगणें असें. सूनबाईंच्या दोन निबंधांवर कोणत्या नियतकालिकाचें नांव आहे तें त्यांस विचारा, आणि छापण्यापूर्वीं परीक्षकांनीं काय शेरे मारले होते तेहि विचारा. ते शेरे बहुधा त्यांनीं जपून ठेविले असतील. घरांत कोणी विचारील असें त्यांस वाटलें नसेल इतकेंच. त्या आठ परक्या उल्लेखांपैकीं एखादाच काढून पाहा, कीं त्यांचा निबंध नुसता यादींत आहे, का त्यावर कोणीं पुढची पायरी बांधली आहे. एक उल्लेख पायरीचा असेल तर तो शंभरांच्या बरोबरीचा समजावा. यांतलें कांहींच निघालें नाहीं, तर मार्गदर्शकांस भेटून स्पष्ट विचारावें. त्यांत संकोचाचें कारण नाहीं. आणि एके दिवशीं जेवणें झाल्यावर सूनबाईंच्या हातीं पाटी द्या आणि स्वतःचा प्रश्न टिंबें-रेघांनीं काढून दाखवावयास सांगा. पांच वर्षांत हें त्यांना घरांत कोणीं विचारलें आहे असें पत्रावरून दिसत नाहीं.

राहिला नातवाचा प्रश्न. त्याला आंकड्यांशीं जोडूं नये, अशी आमची विनंति आहे. आई पुण्यास आणि मूल माणांत, ही अडचण उल्लेख नऊशें असते तरी अडचणच राहिली असती. आणि तेव्हां आत्याबाईंनीं तिला त्याग म्हटलें असतें. घराला तें झेपत नसेल तर तसें सरळ म्हणावें, मुलाला कांहीं महिने पुण्यास न्यावें, आजींनीं सोबत जावें, मुलाच्या वडिलांनींहि आपला वांटा उचलावा; वाटा पुष्कळ आहेत. मुदतीची धास्ती घेण्याचें तूर्त कारण नाहीं. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें पीएच्. डी. साठीं नोंदणीपासून साधारण सहा वर्षें मिळतात, विद्यापीठ पुन्हां नोंदणी करून दोन वर्षें वाढवून देऊं शकतें, आणि स्त्रियांस त्याहून आणखी दोन वर्षांची सवलत आहे. प्रसूति व बालसंगोपन यांसाठीं २४० दिवसांपर्यंत रजा मिळते ती निराळी. प्रबंध देण्यापूर्वीं निबंध छापून आलाच पाहिजे ही पूर्वींची सक्तीहि त्याच नियमांनीं काढून टाकली. सूनबाईंची नोंदणी २०२२ च्या आधींची असली तर जुने नियम लागतील. तें विद्यापीठाच्या कचेरींत लेखी विचारून घ्यावें, तोंडी उत्तरावर विसंबूं नये.

श्रीखंडे २१ एप्रिल २०२० रोजीं विजयवाडा येथें वारले. वय १०२ होतें. त्यांच्या आलेखाचें चित्र ज्यांस काढावयाचें असेल त्यांनीं तिरप्या रेघा सर्व एकाच दिशेनें जात आहेत ना, तेवढें मात्र तपासावें. मुलें तेथेंच चुकतात.